खविसाची कोमट वाटी

खवीस आमच्या घरी कधी फाटकातून आला नाही. यायचा तो शेराच्या कुंपणातल्या भगदाडातून, आणि माणूस दिसण्याआधी त्याच्या शिव्या पोचायच्या. खवीस हे मी मनात ठेवलेलं नाव; तोंडावर मी त्याला काका म्हणायची, अहोजाहो करायची. इथे करणार नाही. बारा वर्षं मी या शेजाऱ्याचा मनापासून राग केला आहे. तेवढा हक्क मी कमावला आहे.

आमची वाडी आगाशीहून नंदाखालकडे जाणाऱ्या रस्त्याला. कुंपणापलीकडे त्याची केळी आणि मोगरा. मोगऱ्याच्या बुंध्याशी तो शेणखत घालायचा आणि आळीतल्या झाडून साऱ्या कोंबड्या ते उकरायला तिथेच जायच्या. त्यामुळे कोंबडी या जातीशी त्याचं उभं वैर. झावळीचा दांडा घेऊन तो दिवसभर मोगऱ्यात पहारा करायचा. ज्यांच्या घरी कोंबड्या त्यांच्याशी तो धड बोलत नसे, म्हणजे जवळजवळ कोणाशीच नाही.

मी परळच्या दोन खोल्यांतून लग्न होऊन इथे आले ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. वाडीतलं मला काही येत नव्हतं, आणि येत नाही हे मला रोज कळवलं जायचं. शेवटी मी सासूबाईंकडे कोंबडीची पंचवीस पिल्लं मागितली. त्या हो म्हणाल्या, पण ही खेप मेली तर या घरात कोंबडीचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं बजावून. सकाळी उठून जिच्याकडे धावत जावं अशी माझी स्वतःची एवढी एकच गोष्ट त्या घरात होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात चिवचिवणारी.

तिसऱ्या दिवशी चार पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून बसली. शीट वाळून शेपटीखालची वाट पार बंद झाली होती. मी अंगणात बसून नखांनी ते खरवडायला लागले. तिघांचं थोडं थोडं निघालं, पिसांसकट निघालं. चौथ्याच्या पोटावर, दोन पायांच्या मध्ये, काळपट सुकलेलं काहीतरी दिसलं. तीही घाणच समजून मी ओढली. ती बेंबीची खपली होती. पिल्लू माझ्या ओंजळीत रक्त गाळत मेलं.

कुंपणापलीकडून त्याने सगळं पाहिलं होतं. विहिरीवरच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "खाटकाला पन कसब लागते, सुनबाय. तुला ते पन नाय." मग भगदाडातून आत आला, मला कोपराने बाजूला सारलं आणि वाटीभर कोमट पाणी मागितलं. मी आणलेलं पाणी त्याने मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिलं आणि ओतून दिलं. दुसऱ्यांदा आणलं तेही ओतलं. तिसरं ठेवून घेतलं.

जुन्या धोतराची चिंधी त्या पाण्यात बुडवून त्याने एकेका पिल्लाच्या शेपटीखाली धरून ठेवली. ओढलं काहीच नाही. भिजून भिजून ती वाळलेली घाण आपोआप सुटली आणि पिल्लाने लगेच त्याच्या हातावर शीट टाकली. मग टिपून कोरडं केलं, बोटभर खोबरेल लावलं. ओलं पिल्लू परत खोक्यात टाकलंस तर गारठून मरेल, असं दटावून तिन्ही पिल्लं मांडीवर घेऊन तो आमच्या ओट्यावर ऊन खात बसला. तोंड मात्र चालूच. गळ्याखालची पिशवी चाचपून त्याने ओळखलं की मी तांदळाची कच्ची कणी घातली आहे. दिवसभर नुसतं गुळाचं पाणी द्यायला सांगितलं. खोक्यावर उबेसाठी टांगलेला दिवा स्वतः खाली ओढला. पिल्लं ढीग करून बसली तर गारठलीत, कोपऱ्यात पळाली तर भाजतायत, एवढंही परळला शिकवत नाहीत का, हेही विचारून झालं. "पोट त्याचं बिघडत नाय," तो म्हणाला, "तू बिघडवते."

एक पिल्लू दुसऱ्या दिवशी गेलंच. तेवीस जगली. सासूबाईंनी मोजली आणि काही बोलल्या नाहीत. ती परवानगी होती.

मला वाटलं, आता शेजार जमला. कसलं काय! तीच पिल्लं मोठी होऊन मोगऱ्यात शिरली तेव्हा त्यातल्या एकीचा पाय त्याने दांडा फेकून मोडला. मी कुंपणाशी जाऊन भांडले, म्हटलं, तुम्हीच मांडीवर घेऊन वाळवलेली ना ही? "आजारी व्हती तवर पिल्लू," तो म्हणाला, "आता चोर हाय."

पायाचंही मी विसरले असते. पण त्याने माझं नाव खाटीक ठेवलं. हळद असो, बारसं असो, मी दिसले की त्या पिल्लाची गोष्ट निघायची, आणि रक्त दर वेळी जरा जास्त वाहायचं. आळीत मला त्याच नावाने ओळखू लागले. माझी लेक शाळेतून रडत आली, कारण तिला कोणीतरी खाटकाची पोर म्हटलं होतं. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

पण पिल्लं आजारी पडायची थांबतात थोडीच? मी पिल्लू टोपलीत घालून, शेजारी कोमट पाण्याची वाटी ठेवून, भगदाडात ठेवायची आणि घरात निघून जायची. तासाभराने पाहावं तर पिल्लू स्वच्छ, कोरडं, चिंधीत गुंडाळलेलं. पाणी बरोबर नसलं तर वाटी पालथी आणि पिल्लू तसंच. एकदा पिल्लाजवळ माझ्याच खाद्यातली मूठभर कणी ठेवलेली होती. ती पाहून मी खाद्य बदललं. इतकी वर्षं आम्ही असे, एक शब्द न बोलता, भांडत राहिलो. फक्त एकदा शिटेत रक्त दिसलं तेव्हा तो पलीकडून ओरडला की हे आपलं काम नाही, याला जनावरांच्या डॉक्टरकडे ने.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला त्याच्या मुलांनी वाडी विकली आणि चंदनसारला बिल्डिंगमध्ये जागा घेतली. जायच्या आदल्या दिवशी खवीस फाटकातून आला. मी दचकले. तो ओट्यावर बसला, पाणी घेतलं नाही, आणि माझ्याकडे न बघता बोलला.

"ती बेंबी मी पन ओढलेली. लहानपनी, आयशीच्या पिल्लांची. एक मेला, मग दुसरा. सात मारली."

मग मलाच का इतकी वर्षं खाटीक म्हणालात, मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मना कोन वरडला नाय," तो म्हणाला, "म्हनून सात झाली. तुझा एकच झाला."

एकदा ओरडलात तेवढं पुरलं असतं, बारा वर्षं कशाला, असं मी म्हटलं. तो उठला आणि सवयीने भगदाडातूनच गेला. माझा राग तेव्हा गेला नाही, आजही पुरता गेलेला नाही. पण त्या एका पिल्लानंतर माझ्या हातून तसं दुसरं मेलं नाही, हेही खरं आहे.

तिसऱ्या मजल्यावर तो दीड वर्ष टिकला. तो गेल्याचं कळून मी भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. त्याच्या पुतण्याने मला निरखून पाहिलं आणि विचारलं, "काका सांगायचे ती खाटीक सुनबाई तुम्हीच ना?" रडणारी माणसंही हसली. मी म्हटलं, हो, मीच. सात पिल्लांचं तिथे कोणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्या तोंडून ते निघालं नाही.

आज पहिल्यांदा इथे लिहिलं. कळलं तर वर खवळेल. खवळू दे.