काठीच्या बाई

आमच्या शाळेत मुलाचं नाव घालायला आलेले पालक 'काठीच्या बाई' हे नाव ऐकून जरा बिचकायचे. बाईंच्या टेबलाला एक वेताची काठी कायम टेकवलेली असायची हे खरं, पण तिचा मार कुणी खाल्ला नव्हता. ती जोडाक्षरांसाठी होती, अक्षराची उभी रेघ म्हणून. बाई एका मुलाच्या हातात ती देत. "तू स. काठी हाय म्हणून ताठ उभा हायस." मग काठी काढून घेत. "आता पडशील की! धर पुढच्याला." तो पुढच्या 'त'च्या खांद्यावर रेलायचा आणि सगळा वर्ग ओरडायचा, "स्त!" 'द', 'ट' अशा बिनकाठीच्या अक्षरांचा मात्र पाय मोडायचा; त्या मुलांना गुडघा वाकवून उभं राहावं लागे. 'र'बद्दल बाईंचं मत वेगळं होतं. "र म्हंजे पावणा. आधी आला तर डोक्यावर बसतोय, सूर्य बघा. मागनं आला की पायाशी, चक्र बघा."

शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव. घरोघरी 'परसाद', 'गिरहण' असंच बोलणं. एका मुलाला त्यावरून कुणी हसलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "घरात परसाद म्हण, पुस्तकात प्रसाद वाच. गोड दोन्हीकडं लागतोय."

गणिताशी मात्र त्यांचं फारसं जमत नसे. भागाकाराच्या तासाला हळूच वाचनाची पुस्तकं बाहेर निघत. हेडमास्तर दारात उभे राहिले की बाई घाईघाईनं फळ्यावर एखादं गणित मांडत, आणि ते हमखास चुकलेलं असे.

मी त्यांच्या वर्गात आले ती दुसरीत. त्याआधी गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकात आजीकडे राहून पहिली कानडी शाळेत केलेली. मराठीची साधी अक्षरं मी भराभर उचलली, पण 'पक्का' लिहायचा तर 'प' काढायचे, पुढे अख्खा 'क', आणि त्याच्या पायाखाली बारका 'क'. पाटी बघून मुलं हसली. मी बोलणं बंद केलं.

घरी माझी अव्वा, म्हणजे आई, तीही गप्पच असायची. वडील ऊसवाहतुकीच्या ट्रकवर. आठवडा आठवडा बाहेर. अव्वाला मराठी जेमतेम येई. नळावर ती 'माझा पोरगी' म्हणाली की बायका पदरात तोंड घालून हसत. शेवटी एक दिवस ती माझा दाखला मागायला शाळेत आली. मला पुन्हा आजीकडे ठेवायचं तिनं ठरवलं होतं.

"पोरगी हितं मुका झाला, बाई," ती दारातूनच म्हणाली. "नेतो आईकडं."

बाईंनी माझी पाटी तिच्यासमोर धरली. "हे असं खाली का लिहिते ही?"

अव्वा पाटी बघून घाबरली. "आमच्यात तसंच असतंय. चुकलं काय?"

"चुकलं न्हाय. दुसऱ्या गावचं हाय. या आत, लिहून दाखवा पोरांना."

अव्वा हलेना. बाईंनी तिच्या हाताला धरून तिला फळ्यापाशी आणलं. तिनं कानडीत 'अव्वा' लिहिलं. शेजारी बाईंनी तेच मराठीत लिहिलं. "बघा रे! त्यांच्याकडं दुसरं अक्षर खाली बसतंय, आपल्याकडं पहिलं अक्षर पुढच्याला टेकतंय. हिला दोन्ही येतंय. तुम्हाला येतंय का?"

कुणीतरी म्हणालं, "बाई, माझं नाव लिहायला सांगा की कानडीत!" आणि पोरं अव्वाभोवती गोळा झाली. तिनं सगळ्यांची नावं लिहून दिली. दाखला न घेताच ती घरी गेली. तिला गावात हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढं दर शनिवारी शाळा सुटल्यावर दोघी वर्गात बसत. अव्वा मराठी शिके, बाई कानडी. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंचे कानडी उच्चार ऐकून अव्वा खदखदून हसायची, आणि बाई रागवायच्या, "मी तुला हसले का गं कधी?"

निवृत्तीनंतर बाई जयसिंगपुरात राहायला गेल्या. साखरेच्या आजारानं हळूहळू त्यांची नजर गेली. मग अव्वा एसटीनं जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवू लागली. मीही कधी बरोबर असायचे. बाई डोळे मिटून ऐकत आणि एखादा शब्द चुकला की बोट वर करत, "परत वाच." अव्वा तो शब्द परत वाचायची. बाई मान डोलवत आणि पुढची बातमी सुरू व्हायची.

गेल्या वर्षी बाई गेल्या. सगळं आटोपून आम्ही दोघी परतीच्या एसटीत बसलो. अव्वा आता मराठी अस्खलित बोलते. नळावरच्या त्याच बायका हल्ली तिच्याकडून सरकारी कागद वाचून घेतात.

खिडकीबाहेरच्या उसाकडं बघत ती म्हणाली, "आता माझं चुकलं तर मला सांगणार कोण?"