३८९ पुढची खूण

नऊ लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे त्र्याहत्तर. उमरेडहून नागपूरला येणाऱ्या एसटीच्या एका तिकिटावरचा हा क्रमांक मला चाळीस वर्षं पाठ आहे.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बसमध्ये बसलो की तिकिटावरच्या आकड्याचे अवयव पाडायचे, तेही नागपुरातला नंदनवनचा थांबा यायच्या आत, हा आम्हा दोघींचा रिवाज. हा एक आकडा मात्र दाद देईना. सातने भागला तर एक उरला. अकरा, तेरा, सतरा, काहीच लागेना. मूळ संख्या असावी, असं धरून त्या उन्हाळ्यात आम्ही कामाला लागलो. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे होतं. दोन्ही अवयव हजारावर असते, तर गुणाकार दहा लाखांच्या पुढे गेला असता. मी वहीत यादी केली. पहिल्या चौऱ्याऐंशी ताईच्या, उरलेल्या माझ्या. मी प्रत्येकीपुढे बाकी लिहिली. ताईनं नुसत्या खुणा केल्या.

"बाकी कशाले लिहाची वं? भाग नाही गेला म्हंजे नाही गेला."

यादी संपली, संख्या फुटली नाही. कुणाच्या बापाला न फुटणारी, आणि ती आमची. पुढे बदलीचा आदेश हातात पडला तेव्हा, नवरा गेला त्या आठवड्यात, मी ती मनात म्हणत आले.

गेल्या रविवारी सकाळी कपाट आवरताना ती वही सापडली. सहज म्हणून संख्या फोनवर तपासली. ३८९ गुणिले २५५७. विश्वास बसेना, म्हणून कागदावर भागाकार मांडला. बाकी शून्य. यादीत ३८९ ताईच्या वाट्याला होता. पुढे तिची ठसठशीत खूण.

दुपारी वही घेऊन तिच्याकडे गेले. आईही तिथेच राहते.

"अजून ठेवली का तू हे?" ताई हसली. "शंभरापर्यंत केल्ते मी. मंग कंटाळा आला. तू आपली लिहूनच राहिली होती. म्हटलं, टाका करून खुणा."

"मले सांगितलं काहून नाही?"

"येवढी खुश होती तू. आन् आकडाच त होता वं. कोणाचं काय बिघडलं?"

मी वही मिटली. तिच्या फ्रिजवर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा तक्ता आहे. मीच आखून दिलेला: तारीख, सकाळ, रात्र. गोळी दिली की ताई खूण करते. दर रविवारी मी त्या खुणा पाहते आणि निर्धास्त घरी परतते.

दुपारचे चार वाजले होते. त्या रात्रीच्या चौकोनात खूण आधीच होती.

एक तारखेला मीच भरून दिलेला डबा उघडून गोळ्या मोजल्या. असायला हव्यात त्यापेक्षा पाच जास्त.

"आता हेही मोजशील का? माझ्यावर भरोसा नाही तुले?" ताई मागून म्हणाली.

मी पेन काढलं, तक्त्याला आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं: उरलेल्या गोळ्या. पहिला आकडा मीच भरला.