घरघंटीचे पैसे वसूल

ती घरघंटी मीच घरात आणली, म्हणून आधी राग येतो तो माझाच. शिक्षिकेची नोकरी लागली, अंबडला खोली केली आणि पहिल्याच दिवाळीला जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात पीठ दळायचं ते मशीन आणून उभं केलं. आईच्या कमरेवरचा डबा सुटला, असं मला वाटलं. बाबांचं वेगळंच. "गिरणीचा खर्चा वाचला. दोन-तीन वर्षांत पैसे वसूल," ते म्हणाले.

आई उंबऱ्याबाहेर निघाली की बाबा विचारणार, "कुठं?" आणि लगेच, "कशाला?" भाजी ते स्वतः आणतात, दूध दारात येतं, पौर्णिमेला विहारात जायचं तेही त्यांच्या गाडीवर मागे बसून. फक्त "दळण" म्हटलं की त्यांना पुढे विचारता येत नसे. आठवड्यातून दोनदा आई गिरणीवर जायची, डबा रांगेत लावायची आणि ओट्यावर मैत्रिणींमध्ये तासभर बसायची. परत यायची तेव्हा भुवया पिठाने पांढऱ्या झालेल्या असत आणि काहीतरी आठवून ती एकटीच हसत असे. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. तरी मशीन आणलं! एवढी शिकले, पण आईचा तो एक तास मला दिसला नाही. ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला गेले तर मशीन बंद. दळणात खडा जाऊन आतली जाळी फाटली होती. बाबा मेकॅनिकसमोरच आईवर तडकले, "आत्ता कुठं मशीनचे पैसे वसूल झाल्ते! हिला एक दळण नीट निवडता येत न्हाई!"

मेकॅनिकने खडा काढून माझ्या तळहातावर ठेवला. चिंचोक्याएवढी काळी गिट्टी, रस्त्याच्या कामावरची. अशी गिट्टी ज्वारीत कधी येत नाही. आणि माझी आई चष्म्याशिवाय ज्वारीतला बारीक खडा टिपणारी बाई. मी वळून पाहिलं. ती चांगली साडी नेसून, भरलेला डबा घेऊन दारात उभी होती.

"मंग मी तवर गिरणीवर जाऊन येते," ती म्हणाली. बाबांनी "कशाला" विचारलं नाही.

माझं डोकं सणकलं. साठीच्या बाईला तासभर बाहेर पडायला रस्त्यावरची गिट्टी चोरासारखी पदराखाली आणावी लागते? स्वतःच्या घरात? बाबांच्या तोंडावर सगळं सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगितलं असतं तर त्या गिट्टीचा जाब त्यांनी आईलाच विचारला असता. मी ती मुठीत दाबून धरली.

"नवी जाळी लागेल, माझ्याकडे नाही. मागवू का?" मेकॅनिकने विचारलं.

"नको. मी अंबडहून स्वस्तात आणते."

आणली नाही. दर रविवारी बाबांचा फोन येतो, "जाळी भेटली का?"

"न्हाई भेटत, बाबा. ते मॉडेलच बंद झालं."

ते चिडतात, मशीन धूळ खात पडलंय म्हणून कुरकुरतात. मग फोन द्यायला आईला हाक मारतात, आणि ती घरात नसते.