दिलेलं की विसरलेलं?

आज सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाचव्याच खेळीत एक प्यादं उघड्यावर सोडलं. माझ्या वजिराला ते सहज मिळणार होतं. मी हात पुढे केला आणि थांबले.

लहानपणी अशाच फुकटच्या प्याद्यांनी मला कितीदा फसवलंय! वजीर घेऊन मी एकटीच धावायचे आणि अण्णांचे घोडे-उंट त्याला कोंडीत पकडायचे. "आधी आपली फौज बाहेर काढ गं, मग लुटायला जा," असं म्हणून ते खदखदून हसायचे.

पण गेल्या वर्षीच्या आजारपणापासून अण्णा जेवल्याचंही विसरतात. मुद्दाम दिलेलं प्यादं आणि विसरून राहिलेलं प्यादं पटावर अगदी सारखंच दिसतं. त्यांच्या चेहऱ्यावरूनही काही कळेना.

"खेळ ना, किती वेळ?" ते म्हणाले.

मी प्यादं मारलं. अण्णांनी मला आज फसवावंच, म्हणून जीव नुसता तळमळत होता. अण्णा बराच वेळ पट न्याहाळत राहिले. मग त्यांनी माझा वजीर उभा होता त्या घरावर बोट ठेवलं.

"इथं माझं प्यादं होतं ना गं?"

"होतं की, अण्णा," म्हणत मी ते परत जागेवर ठेवलं आणि वजीर मागे घेतला.