बनूबाईंना नारळ

कुळगावच्या जुन्या गावठाणातल्या मराठी शाळेत सतरा वर्षं पोषण आहार शिजवणाऱ्या बनूबाईंना दोनच गोष्टींची धास्ती होती. एक साप, आणि दुसरी कागदावर लिहिलेली कुठलीही ओळ. साप कधी चावला नाही. ओळ मात्र मंगळवारी चावली.

ओळ तरी केवढी, दोन शब्दांची. ‘मीठ जास्त.’ मुलांना वाढण्याआधी अर्धा तास कोणीतरी शिक्षक येतो, टोपातला घास चाखतो आणि चव नोंदवहीत लिहून सही करतो, असा शाळेचा नियम आहे. त्या दिवशी पाळी प्राचीबाईंची होती. प्राचीबाई दुसरीच्या वर्गाच्या, नोकरीला लागून वर्षच झालेलं, त्यामुळे नियमाला एकदम पक्क्या. त्यांनी घास घेतला, डोळे मिचकावले, वहीत लिहिलं आणि वर्गावर निघून गेल्या. बनूबाई चौथी शिकलेल्या. पंगत उठल्यावर त्यांनी वही उघडून बोट फिरवत ते दोन शब्द वाचले आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

मिठावरून चुकावी अशी ही बाई नव्हे. माहेर खाडीकडचं, आगऱ्यांचं. आजा जन्मभर मिठागरावर राबला. लग्न होऊन कुळगावात आल्या तेव्हा सासू शेजारणींना सांगायची, माझी सून मूठ बघून मीठ घालते, चाखत नाही. नवरा हरिचंद्र तेव्हा भातशेती करायचा. आता त्या शेतात सात मजली इमारत उभी आहे आणि हरिचंद्र तिच्या फाटकाशी खुर्ची टाकून राखण करतो. आपल्याच बांधावर बसून लोकांच्या गाड्या मोजायच्या, याचं त्याला काही वाटत नाही असं तो म्हणतो. बनूबाईंना मात्र वाटायचं. म्हणून शाळेत स्वयंपाकाला बाई हवी असं कळलं, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी पदर खोचून हजर झाल्या. सून घरातली चूल सांभाळेल, आपली चूल शाळेत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. दीडशे पोरांना रोज जेवू घालणारी बाई गावात ताठ चालते, आणि त्या चालत.

पण तीन वर्षांपूर्वी एक ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. आधी वाटलं, येईल परत. आली नाही. गूळ आणि माती सारखीच लागू लागली. फोडणी जळली तरी नाकाला कळेना. बनूबाईंनी हे ना हरिचंद्राला सांगितलं, ना सुनेला. स्वयंपाकिणीला चव नाही हे कळल्यावर तिला शेगडीजवळ कोण उभं करणार? कळलं फक्त कौसाबाईंना, आणि तेही इलाज नव्हता म्हणून. कौसाबाई त्यांच्या जोडीला भाजी चिरायला आणि भांडी घासायला असतात, बारवीकडच्या पाड्यावरून येतात. मीठ घातलं की बनूबाई डावभर त्यांच्यापुढे धरायच्या, कौसाबाई चाखून मान हलवायच्या. तेवढंही पुरत नसे. मग पहिलीच्या पंगतीकडे नजर. पहिलीची पोरं खोटं बोलत नाहीत. ती पाण्याच्या पेल्याला हात घालतात का, हे बघत बनूबाई भिंतीला टेकून उभ्या राहायच्या, आणि पोरं वाटी चाटायला लागली की मगच त्यांचा जीव भांड्यात पडायचा. तीन वर्षं रोज.

मंगळवारी कौसाबाई भाचीच्या साखरपुड्याला गेल्या होत्या. बनूबाईंनी मूठ टाकली, तेवढ्यात गॅसवाला आला, त्याच्याशी बोलून आल्या आणि टाकली की नाही हे आठवेना. चाखून बघायची सोय नाही. मग पुन्हा एक मूठ टाकली. त्या दिवशी पोरांनी माठ रिकामा केला.

बुधवारी त्या ऑफिसच्या खिडकीखाली टोप घासत बसल्या होत्या. आत मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका संजीवनीबाई, प्राचीबाईंशी बोलत होत्या.

“शनिवारी वर्धापनदिनाला बनूबाईंना नारळ द्यायचाच. समितीचं पण तेच म्हणणं आहे. विस्तार अधिकारी साहेब येतायत, त्यांच्याच हातून देऊ.”

“मॅडम, त्यांना सांगायचं का आधी?”

“अजिबात नको. नको-नको करत बसतील. त्या दिवशीच स्टेजवर बोलावू.”

मराठी माणूस मोठा काटकसरी. सत्कार करायचा तरी नारळ देतो आणि कामावरून काढायचं तरी नारळच देतो. कुठला नारळ कुठला, हे ज्याने त्याने समजून घ्यायचं. आणि चोराच्या मनात चांदणं असलं की माणूस एकच अर्थ काढतो. बनूबाईंच्या हातातला काथ्या जागच्या जागी थांबला.

गुरुवारी कांदा चिरता चिरता त्यांनी कौसाबाईंना सगळं सांगितलं. कौसाबाई धीर देतील अशी आशा होती. पण कौसाबाईंचा स्वभाव असा, की तापाची विचारपूस करायला गेल्या तर त्याच तापाने गेलेल्या चार माणसांची नावं सांगून येतात.

“मिठाचं साहेबांच्या कानावर गेलं असंल,” त्या म्हणाल्या. “वहीत लिवलंय ना. लिवलेलं पुसता येत नाय.”

“पन येकदाच झाला ना कौशे. सतरा वर्सांत येकदा.”

“सदूभाऊचा काय झाला आठवतंय ना? शाल घातली, भाषनं केली, टाळ्या वाजवल्या. सोमवारी दुसरा शिपाई घंटा वाजवत होता.”

हे मात्र खरं होतं. या शाळेत शाल-नारळ आजवर दोनदाच दिसला होता. एकदा सदू शिपाई निवृत्त झाला तेव्हा आणि एकदा आधीच्या मुख्याध्यापिका बदलून गेल्या तेव्हा. नारळ घेतलेलं माणूस परत फाटकात शिरलेलं बनूबाईंनी पाहिलं नव्हतं. शुक्रवारी प्राचीबाई उल्हासनगरहून आणलेली एक पिशवी कपाटात ठेवताना दिसल्या. पिशवीतून शालीची झालर बाहेर आली होती. बनूबाईंना बघताच प्राचीबाईंनी ती घाईघाईने आत कोंबली आणि उगाचच हसल्या. बनूबाईंना ते हसू मुळीच आवडलं नाही. माणसाची भाकरी काढून घेता आणि वर हसता, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या दिवशी मिठाची मूठ टाकताना त्यांनी मोठ्याने ‘टाकली’ असं स्वतःलाच बजावलं, आणि कौसाबाईंना दोन-दोनदा चाखायला लावलं.

घरी हरिचंद्राने विचारलं, “का गो, जेवत नाय?”

“भूक नाय,” त्या म्हणाल्या. भूक होती. शाळा सुटली तर उद्यापासून सकाळी उठून जायचं कुठे, हे त्यांना कळत नव्हतं.

शनिवारी शाळेच्या अंगणात मांडव पडला. पालक आले, समितीचे लोक आले, चौथीच्या मुलींनी स्वागतगीत म्हटलं. फळ्यावर रंगीत खडूने ‘आमच्या माणसांचं कौतुक’ असं लिहिलं होतं. बनूबाई कौसाबाईंच्या शेजारी मागच्या सतरंजीवर बसल्या होत्या. अंगावर लग्नकार्यातलं लुगडं होतं. साहेबांचं भाषण चाललं होतं, त्यातला एक शब्द कानात शिरेल तर शपथ. मग संजीवनीबाई माइकवर आल्या. सतरा वर्षं, ऊन नाही पाऊस नाही, एकही दिवस मुलं उपाशी राहिली नाहीत, असं काय काय बोलल्या. बनूबाईंना वाटलं, सदूभाऊच्या वेळीही असंच गोड बोलल्या होत्या. नाव पुकारलं गेलं. टाळ्या पडल्या. कौसाबाईंनी कोपर मारून उठवलं.

स्टेजवर साहेब शाल घेऊन उभे होते. शाल बनूबाईंनी खांद्यावर पडू दिली. पण साहेबांनी नारळ पुढे केला आणि त्यांचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“घ्या ना बनूबाई,” संजीवनीबाई हसत म्हणाल्या.

“मना नारल नको.”

मांडवात हशा पिकला. लोकांना वाटलं, बाई लाजतेय. साहेबही हसले आणि नारळ आणखी पुढे केला.

“नको सांगतंय ना. नारल घेतला का संपला सगला.” माइक अगदी बनूबाईंच्या तोंडाशी होता. “माझी चुकी झाली, मी बोलतंय. मंगलवारी मीठ दोनदा परला. मुद्दाम नाय केला. माझ्या जिभेला चवच नाय, साहेब. तीन वर्सां झाली, ताप आलेला तवापासून. कौशी चाखतं, मी रांधतंय. ती नव्हती म्हनून झाला. पन हात चुकत नाय माझा. मना काढू नका.”

हशा कुठल्या कुठे गेला. पुढच्या रांगेतली एक आई शेजारणीकडे वळून म्हणाली, म्हणजे तीन वर्षं आमची पोरं अशीच जेवतायत? ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. कौसाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढून तोंड झाकलं. साहेबांचा नारळ धरलेला हात अधांतरीच राहिला.

संजीवनीबाई जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, “अहो बनूबाई, हा सत्काराचा नारळ आहे. तुम्हाला कोण काढतंय?”

बनूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. तीन वर्षं जे कौसाबाईंखेरीज कोणाला कळू दिलं नव्हतं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, माइकवरून, सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं. जी भीती चार दिवस खोटी होती ती आता खरी झाली. त्यांनी टेबलाची कड धरली.

“चव नोंदवही आणा,” साहेब म्हणाले.

वही आली. साहेब उभ्या उभ्या पानं उलटू लागले. ‘चव चांगली’, सही. ‘चव चांगली’, सही. मांडवात पानांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. शेवटच्या पानाशी ते थांबले, आणि तेवढ्यात प्राचीबाई खुर्चीवरून उठल्या. चेहरा लालबुंद झाला होता.

“सर, ते मी लिहिलंय. मीठ जास्त आहे हे मला वाढण्याच्या अर्धा तास आधी कळलं होतं. तो अर्धा तास त्यासाठीच असतो. मी यांना सांगितलं असतं तर भात वाढवून सारखं करता आलं असतं. मी लिहिलं, सही केली आणि गेले. मुलांनी तेच खाल्लं. चव घेण्याचं काम यांचं नाहीच, सर. आमचं आहे. आम्ही नुसती वही भरतो.”

समितीचे अध्यक्ष घसा खाकरून मांडवाच्या छताकडे बघू लागले, कारण पालकांच्या वतीने सह्या त्यांच्याही होत्या आणि ते महिन्याच्या सगळ्या एकदमच करत. मागून पहिलीतलं एक पोर उठून, आता मावशी जेवायला कधी वाढणार, असं विचारून खाली बसलं, आणि कोणालाच हसावं की नाही ते कळेना.

साहेबांनी वही मिटली. “आधी चव, मग मुलांना. सही सगळ्यात शेवटी,” ते शिक्षकांच्या रांगेकडे बघून म्हणाले. मग बनूबाईंकडे वळले. “घ्या. हात पुढे करा.” बनूबाईंनी दोन्ही हातांनी नारळ घेतला. टाळ्या झाल्या, पण मघाच्या निम्म्या. जाताना साहेबांनी गाडीत बसून खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते संजीवनीबाईंनाही सांगितलं नाही. बनूबाईंनी ते लिहिणं फाटकातून पाहिलं आणि रविवारभर पुन्हा काही त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. हरिचंद्राला गावातून सगळं आधीच कळलं होतं. त्याने भाजीतला मोठा तुकडा त्यांच्या ताटात वाढला.

सोमवारी त्या शाळेत आल्या. फाटक उघडंच होतं, शेगडीही जागेवर होती. कोणी काही म्हटलं नाही, आणि हे न म्हणणं किती दिवसांचं हेही कोणी सांगितलं नाही. मसालेभात शिजत आला तशा प्राचीबाई आल्या. हातात वही नव्हती, चमचा होता. त्यांनी टोपातून घास घेतला, फुंकर मारून तोंडात टाकला.

“मावशी, मीठ अगदी चिमूटभर कमी आहे.”

बनूबाईंनी चिमूट टाकली, ढवळलं. प्राचीबाईंनी पुन्हा चाखलं.

“आता चांगलं आहे.”

बनूबाईंनी आच बारीक केली. तीन वर्षांत त्यांनी हा प्रश्न कोणाला विचारला नव्हता. कौसाबाईंना विचारला असता तर त्यांनी नुसती मान हलवली असती, आणि दुसऱ्या कोणाला विचारणं म्हणजे आपलं गुपित फोडणं. आता फोडायला काही उरलंच नव्हतं.

“चांगला नको बाई. चांगला ता तुमी वहीत लिवा,” त्या म्हणाल्या. “मना सांगा, लागतंय कसा.”

प्राचीबाईंनी आणखी एक घास घेतला, या वेळी सावकाश चावला आणि सांगायला सुरुवात केली.