शालिकदादाचा एका हाताचा चाकू

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आयुष्यभर यवतमाळच्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवला आणि दुसऱ्यांचे लेखन तपासले. स्वतःच्या मनातले चार शब्द कागदावर उतरवण्याचे धाडस निवृत्तीनंतर, तेही चाचरत, करू लागले आहे. त्यातून ज्याच्याविषयी लिहायचे, त्या माझ्या मामेभावाचे नाव त्याच्या गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही, आणि गावात ते ‘भेकड शालिक’ असेच घेतले जाई. अशा माणसावर अशा हाताने लिहिलेला हा लेख आपण छापील पानावर वाचावा, ही अपेक्षा आगाऊपणाची आहे. वाचकांनी ती पोटात घालावी.

तो गेल्याची बातमी मला बातमीसारखी आलीच नाही. कपाशीची वेचणी ऐन भरात होती. दुपार कलल्यावर त्याची पत्नी, आमची कांतावहिनी, हिचा फोन आला. आवाज अगदी हळू होता, जणू मोठ्याने बोलले तर काहीतरी ऐकेल. “बाई, बैल आले वो घरी,” ती म्हणाली, “हे नाही आले.” मी विचारले, “दावी तुटली आहेत का?” मग ती म्हणाली, “तुटेल नाहीत... कापेल हायेत.” ती दावी कशाने कापली असतील हे मला ठाऊक होते, आणि शालिकदादा कोणत्या वेळी ती कापणार होता, हेही ठाऊक होते. त्याच वेळेची भीती तो काही वर्षे खिशात घेऊन हिंडत होता.

त्याचे गाव पांढरकवड्याच्या पलीकडे, जंगलाला टेकलेले. लहानपणी सुट्टीत आम्ही मामाकडे जात असू, तेव्हाही दादाचे भित्रेपण हा सगळ्या पोरांच्या करमणुकीचा विषय असे. नाल्याकडे निघालो की कोणीतरी मागून ओरडे, “शालक्या, तुह्या मांगं कोन येऊन राह्यलं पाय!” आणि तो मागे न पाहता धूम ठोकी. धापा टाकत थांबला की स्वतःच हसे. मात्र एक गोष्ट इतरांच्या ध्यानात आली नव्हती, माझ्या आली होती, कारण ती माझ्याच मनगटाला कळे. पळताना तो माझा हात सोडत नसे. त्याच्या पळण्यात मी फरफटत जाई, गुडघे फुटत, पण मागे कधी राहिले नाही.

पुढे, आम्ही दोघेही उतारवयाला लागल्यावर, त्या भागात वाघाचे भय वाढले. बायका वेचणीला एकट्या जाईनाशा झाल्या. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, एकजण डबा बडवत उभा राही. दादाचे वावर तर जंगलाच्या कडेलाच. एका दुपारी त्याने चांद्या आणि हिऱ्या हे बैल मोहाच्या झाडाला बांधून शिदोरी सोडली होती. बैलांनी एकाएकी कान टवकारले, दावी ताणली. ताण बसल्याने गाठी आवळल्या. हिऱ्याची गाठ कशीबशी सुटली. चांद्याची सुटेना. दादाच्या खिशात घडीचा चाकू होता. पण त्याचे पाते नखाने, दोन्ही हात लावून उघडावे लागे, आणि घामाने ओल्या बोटांना ती नखाची खाच सापडेना. तोवर तुरीतून वाघ बाहेर आला. दादा पळाला. गावकरी परत गेले तेव्हा चांद्या झाडाखालीच पडला होता, दावे गळ्यात तसेच. हे सांगताना दादा मला म्हणाला होता, “सुमे, तो माह्याकडे पाहून राह्यला होता.” मी म्हटले, “वाघ?” तो म्हणाला, “वाघ नाही... चांद्या.”

त्या दिवाळीला मी गेले, तर मला सोबत घेऊन तो पांढरकवड्याला हमीदभाईंच्या दुकानात गेला. रस्त्यालगत, ट्रकांच्या धुरात, हमीदभाई कुलपे आणि स्टोव्ह दुरुस्त करीत. दादाने चाकू त्यांच्यापुढे ठेवला आणि तो एका हाताने उघडेल असा करून मागितला.

“शालिकभाऊ, आता वाघाले चाकू दाखवून डरवता का?”

“वाघाले नाही, दाव्याले दाखवाचा हाय. एक हात बैलाच्या तोंडावरल्या मोरखीत राह्यते. चाकूच्या वाट्याले एकच हात येते.”

मी शहाणपणाने म्हटले, मग सरकगाठ का मारत नाहीस? ओढली की सुटेल. दोघांनी माझ्याकडे दयाबुद्धीने पाहिले. “बाई,” हमीदभाई म्हणाले, “सरकगाठ बैलाले बी ओढता येते. मंग बैल शेजाऱ्याच्या कपाशीत, आन् शेजारी यायच्या दारात.” हमीदभाईंनी पात्याचा खिळा सैल केला, मुठीतली कमान घासून मऊ केली, आणि पात्याच्या बुडाशी अंगठा टेकायला एक पितळी गुंडी बसवली. मग अंगठा जरासा रेटला आणि ‘खट्’ असा आवाज करून पाते बाहेर आले. मी दचकले. दादा माझ्याहून जास्त दचकला. “घ्या!” हमीदभाई हसत म्हणाले, “आधी चाकूले तं भिऊ नका!”

परंतु कमान गरजेहून अधिक घासली गेली होती. परतताना एसटीत, खड्ड्यात बस आदळली आणि चाकू दादाच्या खिशातच उघडला. विजार फाटली, मांडीवर ओरखडा उमटला. घरी वहिनीने हळद दाबत त्याला चांगलेच सुनावले, “वाघ राह्यला बाजूले, तुमीच तुमाले फाडान एक दिवस!” तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचे एक वर्तुळ कापले आणि मिटलेल्या चाकूवर घट्ट चढवले. झाले. जो चाकू पापणी लवायच्या आत उघडावा म्हणून एवढा खटाटोप केला, त्याला आता कुलूपच लागले. दादा हिरमुसून म्हणाला, “मंग उघडाचा कसा वो?” “थे तुमी पाहा,” वहिनी म्हणाली, “मले घरात उघडा चाकू नाही पायजे.”

यातून जी रीत पडली, ती मी पुढे अनेकदा पाहिली. वावराचा धुरा ओलांडताना दादा ते रबर चाकूवरून काढी आणि डाव्या मनगटात बांगडीसारखे घाली. परत येताना धुऱ्यावर थांबून पुन्हा चाकूवर चढवी. रबर मनगटात असेल तर तो भीत होता, असे खुशाल समजावे. लोक त्यावरूनही हसत. “शालिकभाऊ, बांगडी भरली का?” तोही हसे, पण रबर काढायला विसरत नसे. तिन्हीसांजेला ओसरीवर बसून तो जुन्या दाव्याच्या तुकड्यावर सराव करी. खट्... आणि दावे दोन. आत स्वयंपाकघरात वहिनी त्या आवाजाला वैतागे आणि त्या आवाजानेच तिला कळे, की माणूस घरी आला.

शेवटची भेट पोळ्याची. त्याने बैल रंगवले होते, हिऱ्या आणि त्याचा नवा जोडीदार. दोघांच्या गळ्यात नवी दावी होती. मी सहज विचारले, अजून वाघाची भीती वाटते का रे? त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. बोटे बारीक थरथरत होती. “वाघाचं भेव तं जुनंच हाय, सुमे. आता या हाताचं भेव वाटते. चाकू जलद झाला, हात हळू झाला.” छातीत जड वाटते, असेही जाता जाता बोलला. डॉक्टरकडे चल म्हटले, तर वेचणी होऊ दे म्हणाला...

गावकरी डबे वाजवीत वावरात गेले, तेव्हा दादा त्याच मोहाखाली कुशीवर पडलेला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. उजव्या हातात चाकू उघडा, डाव्या मनगटात रबर. झाडाच्या बुंध्याला दाव्यांची दोन टोके लोंबत होती, दोन्ही एका घावात कापलेली. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले. वाघाच्या पावलांविषयी मात्र एकमत नाही. कोणी म्हणतो ठसा होता, कोणी म्हणतो गर्दीने जमीन तुडवली, आता काय सांगावे.

वहिनीने ते रबर त्याच्या मनगटातून स्वतःच्या हाताने काढले, चाकू मिटला आणि त्यावर चढवले. तेरवीनंतर तो माझ्या हातात देऊन म्हणाली, “तुमीच ठेवा, बाई. पोरायच्या हातून खट् वाजलं का मले वाटते, आले.” तेव्हापासून ती त्या वावरात गेलेली नाही. उरलेला कापूस बोंडांतून लोंबतो आहे. मजुरीच्या बायका विचारतात, कांताबाई, तुम्ही आल्या तर आम्ही येऊ. ती उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. फोनवर मला एकच प्रश्न विचारते, “यायनं काय पाह्यलं असन वो?” आणि लगेच पुढे म्हणते, “वाघ आलता म्हनावं, तं मले वावरात जाववत नाही. नव्हता म्हनावं, तं हे कोनाले भेले? एवढ्या घाईनं बैल काहून सोडले?”

चाकू माझ्या टेबलावर आहे. काल प्रथमच रबर काढून मनगटात घातले आणि गुंडीवर अंगठा ठेवला. खट्... मी दचकले, त्या दुकानात दचकले होते तशीच, फक्त या वेळी शेजारी दचकायला कोणी नव्हते. मग मात्र एक गोष्ट मनात आली आणि अजून जात नाही. छातीत कळ आली असेल, तर ती बैलांना दिसत नाही. त्यासाठी त्यांना दावी कापून हाकलावे लागत नाही. तरीही त्याने दोन्ही दावी कापली. वाघ आला असेल, तर चांद्याच्या वेळी पळाला होता तो या वेळी पळालेला नाही. या दोहोंपैकी कोणती गोष्ट घडली, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसताना सांगण्याची मला सवय नाही.

रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. बायका वेचणीसाठी थांबल्या आहेत. ती उंबऱ्यात उभी राहून पुन्हा तेच विचारील. आपण माझ्या जागी असता, तर तिला काय सांगितले असते?