प्रतिमाताईंचा बंब

फोनवर जुन्या मशीनवाले शकीलभाई नुसते साखरेच्या पाकात बुडवून बोलले होते. एक्सप्रेसो मशीन? हुज़ूर, आप बस तशरीफ़ लाइए.

म्हणून प्रतिमाताई लखनऊच्या जानकीपुरममधल्या घरून स्कूटरवर अलीगंजच्या त्यांच्या दुकानाकडे निघाल्या. पुढे हणमंतराव, मध्ये ताई, मागे बारावीतली अबोली. बक्षी का तालाबच्या पुढे, आंब्याच्या बागांमधल्या एका गावात ताईंनी कॅफेसाठी खोली घेतली होती. हणमंतराव हवाई दलातून रिटायर झालेले, घर पेन्शनवर चालायचं. कॅफे ताईंच्या साठवलेल्या पैशांवर. मशीन चुकलं तर दुसरं घ्यायला काही उरणार नव्हतं. पण बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये छोट्या कपातली खरी एस्प्रेसो चाखल्यापासून ताईंना दम निघत नव्हता.

दुकानात शिरताच शकीलभाईंनी मोठ्या ऐटीत चादर ओढली. खाली स्टीलचं छोटं उभं पिंप, पोटाला नळ्या, डोक्यावर दाबाचा काटा.

"हा तर बंब हाय," सातारचे हणमंतराव म्हणाले.

"बम?" शकीलभाई दोन पावलं मागे सरकले. "कहाँ है बम?"

अबोली हसून हसून खुर्चीवरच बसली. मराठीत आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्याला बंब म्हणतात, हे तिनं समजावल्यावर शकीलभाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी नळी दुधात बुडवली, मूठ फिरवली, आणि सूंऽऽ करून दुकानभर वाफ.

ताईंनी विचारलं, यातून कॉफी कुठून येते?

"कॉफी तो डिब्बे में होती है, बहनजी. ये झाग बनाती है."

"मम्मी, ये तो बारात वाली एक्सप्रेसो है," अबोली म्हणाली. लग्नात मिळते ती. फेसाळ दूध, वर चॉकलेटची भुकटी.

"घे की हीच," हणमंतराव म्हणाले. "फेस येतोय, आवाज येतोय. आणि काय पायजे तुला?"

ताई तोवर विजेच्या चकचकीत मशीनपाशी पोचल्याही होत्या. पण शकीलभाईंनी स्वतःच हात जोडले. एवढा लोड गावातला इन्व्हर्टर उचलायचा नाही, आणि बत्ती गेली की मशीन शोपीस.

मग कोपऱ्यात ताईंना तो दिसला. दोन दांड्यांचा, हातानं दाबायचा प्रेस. वायर नाही, प्लग नाही. लखनऊच्याच महानगर भागातल्या कोणा कॅफेवाल्यानं हातचक्कीसकट विकायला ठेवलेला. ताईंनी लगेच पदर खोचला. पर्समधून भाजलेल्या बिया काढल्या, दळल्या, दुकानातल्या किटलीतलं गरम पाणी ओतून दांड्या दाबल्या. कॉफी नळासारखी भसकन वाहिली. आंबट आणि पाणचट. ताईंनी चक्की आवळून भुकटी बारीक केली. आता दांड्या खाली जाईनात. ताई टाचा उचलून ओणव्या झाल्या, आणि खालून मधासारखी दाट, तपकिरी धार उतरायला लागली.

"आली," ताई एवढंच म्हणाल्या.

पहिला घोट शकीलभाईंना. त्यांनी तो मोठ्या अदबीनं गिळला आणि डोळे मिटले.

"माशाअल्लाह. ये दवा किस मर्ज़ की है, बहनजी?"

ताईंचा चेहरा खर्रकन उतरला. लखनऊचा इतका गोडबोल्या माणूस जिला औषध म्हणतो, ती गावात कोण पिणार?

तेवढ्यात बंबाचा काटा थरथरला आणि ताईंची नजर खाली गेली. शेगडी गॅसची होती. म्हणजे वीज नसतानाही वाफ आणि गरम पाणी. त्यांनी प्रेसनं कॉफी काढली, बंबावर दूध फेसाळलं, दोन्ही एका कपात ओतलं आणि कप पुन्हा शकीलभाईंपुढे धरला.

शकीलभाई प्यायले. मिशीला फेस लागला, तो त्यांनी पुसलाही नाही.

"अमाँ सुनिए," मग ते शेजारच्या स्टेशनरीवाल्याला हाक मारून म्हणाले, "काम छोड़िए, इधर आइए."

हणमंतरावांनी तोवर हिशोब विचारून घेतला होता. तो पोचा आलेला छोटा बंब आणि जुना प्रेस मिळूनही त्या चकचकीत मशीनच्या निम्म्यात बसत होते. "दोन्ही बांधा," ते म्हणाले, आणि स्कूटरवर काय कुठे ठेवायचं त्याची विमान लादल्यासारखी आखणी करू लागले.

स्टेशनरीवाल्यानं कप रिकामा केला, तळाशी डोकावून पाहिलं, आणि रेट काय ठेवलाय म्हणून विचारलं. त्याला अजून दोन कप घरी न्यायचे होते.

रेट? ताईंनी त्याचा विचारच केला नव्हता. त्यांनी हिशोब अबोलीवर सोपवला आणि दोन कपांच्या बिया चक्कीत ओतल्या.